गोंगाटाचा हिशेब

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. पण शहराच्या गोंगाटालाही इतिहास आहे, आणि तो कोणी, कसा मोजला याला तर आहेच आहे.

१९२९ साली न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने गोंगाट कमी करण्यासाठी एक आयोग नेमला. त्रास कशाचा होतो, असे लोकांना विचारले. अकरा हजारांवर उत्तरे आली आणि पहिला क्रमांक रहदारीचा लागला. यंत्रे बसवलेली एक लॉरी शहरभर फिरवून जागोजाग आवाज मोजला गेला, आणि १९३० साली अहवाल निघाला. पुढे १९६१-६२ मध्ये लंडनच्या मध्यभागी ५४० ठिकाणी पाहणी झाली. त्यांपैकी शेकडा ८४ ठिकाणी रहदारीचाच आवाज वरचढ ठरला.

पण रस्त्यावरचा आवाज एका जातीचा नसतो. लॉरीचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्याला तीन, म्हणजे सेकंदाला ६० स्फोट होतात. हा झाला खालच्या पट्टीतला, घुमणारा आवाज. टायर रस्त्यावर घासून निघणारा आवाज सेकंदाला हजार कंपनांच्या आसपास जोर धरतो. गाडी चढण चढते तेव्हा इंजिन ऐकू येते, भरधाव धावते तेव्हा टायर. खिडकी लावून घेतली की वरच्या पट्टीतले आवाज बरेचसे बाहेर राहतात. घुमणारा मात्र आत येतो आणि मांडणीवरची भांडी वाजवतो. रस्त्याकाठच्या खोलीत राहिलेल्याला हे सांगायला नको!

१९३३ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवले की, खालच्या पट्टीतला क्षीण आवाज कानाला फारसा कळत नाही. तोच मोठा झाला की चांगला कळतो. म्हणून १९३६ च्या अमेरिकन प्रमाणात क्षीण आणि मोठ्या आवाजांसाठी निरनिराळी मापे ठरली. त्यांतले 'ए' माप क्षीण आवाजासाठी. त्यात ६३ कंपनांच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. हजार कंपनांच्या आवाजातून काहीच नाही. कालांतराने सगळीकडे 'ए' मापच रूढ झाले. ते सोयीचे होते आणि लोकांच्या तक्रारींशी बऱ्याच अंशी जुळतही होते, हे कबूल केले पाहिजे. तरीपण क्षीण आवाजासाठी आखलेली वजाबाकी दणदणत्या लॉरीच्या वाट्याला आली. मजुराच्या पगारातून अशी वजाबाकी झाली असती, तर दुसऱ्या दिवशी गेटवर सभा भरली असती.

आपल्याकडे २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तीही 'ए' मापानेच. तेव्हा ट्रकतळाशेजारचे बिऱ्हाड रात्रभर जागे राहील आणि मोजणीच्या कागदावर त्या घुमण्याचा मोठा हिस्सा दिसणारच नाही, असे होऊ शकते.

यावर तोड आहे. 'सी' नावाच्या मापात खालच्या पट्टीतून जवळजवळ काही वजा होत नाही. दोन्ही मापे घ्यावीत आणि त्यांत दहा डेसिबलांहून अधिक फरक निघाला, तर पट्टीवार मोजणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच सुचवले आहे. तक्रारअर्ज लिहिताना दोन्ही आकडे मागून घ्या.