पाप, गुन्हा आणि आजार

सातारा जिल्ह्याच्या पूर्वभागांत, येरळा नदीच्या कांठीं, खटाव तालुक्याचें मुख्य गांव वडूज वसलेलें आहे. पाऊस बेताचा, जमीन बहुतेक कोरडवाहू आणि पोटासाठीं मुंबईची वाट धरण्याची रीत जुनी. या गांवाचें नांव इतिहासांत कोरलें गेलें तें ९ सप्टेंबर १९४२ रोजीं. त्या दिवशीं वडगांवच्या परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखालीं तालुका कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मे झाले. परकी सत्तेशीं झगडणाऱ्या याच मुलखानें आणखी एका शत्रूशीं दीर्घकाळ झुंज दिली आहे. तो शत्रु म्हणजे दारू. या झुंजीचा इतिहास हा एका प्रश्नाचें उत्तर बदलत गेल्याचा इतिहास आहे : व्यसनी मनुष्य पापी, गुन्हेगार, कीं रुग्ण?

पहिलें उत्तर धर्मानें दिलें. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दरवर्षीं लोणंद-फलटणवरून, म्हणजे याच जिल्ह्यांतून, पंढरीस जाते. गळ्यांत तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्यानें मद्यमांस वर्ज्य करावें, हा नियम खेड्यापाड्यांतून पिढ्यानुपिढ्या पाळला गेला. गाडगे महाराजांनीं आपल्या कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले. या उपायाचें खरें बळ केवळ शपथेंत नव्हतें. तें संगतींत होतें. माळ घालणाऱ्याला दिंडी मिळे, टाळकरी मिळत, सायंकाळीं बसण्यास गुत्त्याऐवजीं मंदिर मिळे. परंतु ज्याची माळ तुटली, त्याला गांवांत तोंड दाखविणें जड जाई. पाप म्हटलें कीं लाज आली, आणि लाज आली कीं लपवणें आलें. घरची स्त्रीहि मग शेजारणीपाशीं अवाक्षर काढीत नसे.

दुसरें उत्तर समाजसुधारकांनीं व राज्यकर्त्यांनीं शोधलें. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचें मूळ गांव कटगुण. तें याच खटाव तालुक्यांत आहे. पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं त्यांनीं शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार नोंदविली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारू ही सरकारी उत्पन्नाची बाब होऊन बसली होती. अशा वेळीं सर्व दोष पिणाऱ्याच्या माथीं न मारतां दुकानाच्या परवान्याकडे बोट दाखविणें, हें मोठ्या दूरदृष्टीचें काम होतें. पुढें १९०८ सालीं पुण्यांत लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्यानें दारूच्या दुकानांवर निरोधन झालें.

१९४३ ते १९४६ या काळांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारानें सातारा जिल्ह्यांत न्यायदान मंडळें स्थापलीं, हुंड्यावांचून व थोड्या खर्चांत विवाह लावून दिले आणि दारूबंदीहि अमलांत आणली. लोकांनीं स्वतः राबविलेली ती बंदी होती. १९४९ सालीं मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. मात्र कायद्याच्या आड चोरट्या भट्ट्या पेटल्या, आणि १९६० नंतरच्या दशकांत बंदी सैल करण्यांत आली. पुढें महाराष्ट्र शासनानें गांवच्या स्त्रियांना मतदानानें दुकान बंद करण्याचा हक्क दिला. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशीं दोन चिन्हें असतात. एकूण महिला मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडलीं, कीं दुकान उठतें. ज्या स्त्रीला पतीचें व्यसन बोलून दाखवितां येत नव्हतें, तिला तें अशा रीतीनें निदान शिक्का मारून सांगतां आलें.

तथापि दुकान बंद झालें म्हणून शरीराला जडलेली सवय बंद होत नाहीं. येथें तिसरें उत्तर पुढें येतें. तें वैद्यकाचें आहे, आणि तेंच सर्वांत उशिरा आलें. वर्षानुवर्षें भरपूर पिणाऱ्यानें एकाएकीं दारू सोडली, कीं कांहीं तासांतच हात कांपूं लागतात, घाम सुटतो, झोंप उडते. कांहींना आंकडी येते; दोन-तीन दिवसांनीं भ्रम होऊन नसलेलीं माणसें दिसूं लागतात. घरचीं माणसें याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करीत, किंवा हाल पाहवत नाहींत म्हणून स्वतःच पुन्हा पेला हातीं देत. वस्तुतः ही मेंदूची व्याधि आहे, आणि वेळीं औषध न मिळाल्यास ती जिवावर बेतते.

अमेरिकेंत १९३५ सालीं बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोघां मद्यासक्तांनीं एकमेकांस सांवरतां सांवरतां ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हा मंडळ स्थापिला. १९५१ सालीं कुटुंबियांसाठीं ‘अल्-अ‍ॅनॉन’ निघालें, आणि १९५७ सालीं मंडळाचें कार्य भारतांत पोंचलें. १९४८ सालीं डेन्मार्कमध्यें हाल्ड व याकोबसेन यांनीं डायसल्फिराम हें औषध पुढें आणलें. तें घेणाऱ्यानें दारू प्याल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. तें रुग्णाला न सांगतां जेवणांत कालवून देणें मात्र प्राणावर बेतूं शकतें. या एका अज्ञानानें भल्या हेतूचेंहि विष होतें.

महाराष्ट्रांत या कार्यास नवें वळण मिळालें तें १९८६ सालीं. तरुणांत पसरलेल्या ‘गर्द’वर अनिल अवचट यांनीं लिहिलेले लेख वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनीं आर्थिक साहाय्य दिलें, आणि २९ ऑगस्ट रोजीं पुण्यांत येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत ‘मुक्तांगण’ सुरू झालें. त्याच्या धुरीण डॉ. अनिता अवचट १९९७ सालीं निवर्तल्या. परंतु बऱ्या झालेल्या रुग्णानेंच नव्या रुग्णाचा हात धरावा आणि पत्नीलाहि उपचारांत स्थान असावें, हा पायंडा टिकला. साताऱ्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं स्थापिलेल्या ‘परिवर्तन’ संस्थेनें व्यसनमुक्तीचें हेंच कार्य हातीं घेतलें. अशा प्रकारें उपचार खटावच्या माणसाला आपल्या जिल्ह्यांतच मिळूं लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दारू व मादक द्रव्यांमुळें होणाऱ्या विकारांस मानसिक आजारांत गणिलें आणि तिसऱ्या उत्तरावर राज्याची मोहोर उमटली.

तरीहि अंतर उरलें आहेच. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या दर ३८ माणसांपैकीं केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार लाभतो. हें अंतर मैलांचें थोडें आणि लाजेचें अधिक आहे. वडूजच्या कुटुंबाला आज साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाची वाट खुली आहे. १४४४६ या क्रमांकावर व्यसनमुक्तीचा, तर १४४१६ वर मनःस्वास्थ्याचा सल्ला घरबसल्या मिळतो. रुग्ण यावयास तयार नसला, तरी त्याच्या पत्नीनें किंवा आईनें एकटीनें जाऊन विचारणेंहि व्यर्थ जात नाहीं. पुष्कळ घरांत उपचाराचा आरंभ असाच होतो.

साताऱ्याच्या त्या रुग्णालयाला क्रांतिसिंह नाना पाटील यांचें नांव दिलेलें आहे. ज्यांच्या प्रतिसरकारानें एके काळीं दारूबंदीसाठीं गांवें जागविलीं, त्यांच्याच नांवाच्या दारांतून व्यसनी मनुष्य आज रुग्ण म्हणून आंत जातो. पापी म्हणून त्याला कोणी लोटीत नाहीं, गुन्हेगार म्हणून कोणी बांधीत नाहीं. एवढा पल्ला गांठावयास या मुलखाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं. उरलेलीं चार पावलें ज्याच्या त्याच्या घराच्या उंबऱ्यापासून टाकावयाचीं आहेत.