विद्यापीठाआधीचे छप्पर

१/ आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. शतकापूर्वी मालवणच्या मुलीला उच्च शिक्षण घ्यायचे तर मुंबई किंवा पुणे गाठणे भाग होते. शुल्काच्याही आधीचा प्रश्न असे: राहायचे कोठे?

२/ याच जिल्ह्यातील देवरुखच्या बालविधवा गोदूबाईंना १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात आसरा व अक्षर दोन्ही लाभले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. मुरुड गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला.

३/ कर्व्यांच्या कार्याचा क्रम बोलका आहे. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम, १९०७ मध्ये महिला विद्यालय, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. आधी निवारा, मग वर्ग, शेवटी पदवी.

४/ या विद्यापीठाची प्रेरणा टोकियोच्या महिला विद्यापीठाची. शिक्षणाचे माध्यम मात्र मातृभाषा. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठास लाभले.

५/ कायद्याची मान्यता १९५१ मध्ये मिळाली. तोवरची पस्तीस वर्षे सरकारी शिक्क्याविनाच मुली येथे शिकत राहिल्या. विधवांच्या त्या पहिल्या निवाऱ्यावाचून हा पदवीचा मार्ग खुला झाला नसता.