जामनेरची पोरगी आणि दोनशे वर्षांचं रान

28 एप्रिल 1819. तू वाघूर नदीच्या पात्रात उभी आहेस, अजिंठ्याच्या डोंगराखाली. जामनेरहून पहूर आणि पहूरहून फर्दापूर हा रस्ता तू एसटीने कितीदा कापलास, पण इथे रस्ताच नाही. दोन्ही काठांवर झाडी दाटलीय, उन्हाने पानं गळालेली, तरीही आत शिरायची छाती होणार नाही इतकी. तू कुणालाच दिसत नाहीस. तुला वनाधिकारी व्हायचंय, पण पुढची दीडशेहून अधिक वर्षं वनखात्याच्या गोष्टीत बाईमाणसाला अधिकारी म्हणून जागा नाही, त्यामुळे तुला हे सगळं असंच कडेला उभं राहून बघावं लागणार आहे.

मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर आलाय. समोरच्या कड्यात त्याला दगडी कमान दिसते आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर तो आपलं नाव आणि आजची तारीख कोरून ठेवतो. हा दिवस आपण लेण्यांच्या शोधाचा म्हणून शाळेत शिकतो. तू मात्र रानाकडे बघ. तो इथवर आला तो वाघासाठी, म्हणजे आपल्या उशाशी वाघ होता.

सहा वर्षांनी तू धरणगावात आहेस. खानदेश इंग्रजांकडे येऊन सातच वर्षं झालीत आणि डोंगरातले भिल्ल अजून कुणाला जुमानत नाहीत. बावीस वर्षांचा जेम्स आउट्रम त्यांच्यातूनच एक पलटण उभी करतोय. फावल्या वेळात तो वाघ मारतो. दहा वर्षांत त्याच्या शिकारींत दोनशेच्या आसपास वाघ पडतील. पण तू त्याच्या बंदुकीकडे बघू नकोस, त्याच्या पुढे चालणाऱ्या माणसाकडे बघ. तो ओढ्याच्या ओल्या वाळूवर उकिडवा बसलाय. पंजा उमटलाय, नखं उमटलेली नाहीत, म्हणजे तरस नाही. पंजाची कड अजून ढासळलेली नाही. पण खोलगट भागातून मुंग्यांची एक बारीक वाट आरपार गेलीय, म्हणजे जनावर आत्ताचं नाही, रात्रीचं आहे. तो बोट वर करतो, वारा कुठून येतोय ते बघतो आणि उजवीकडे वळतो. तुझ्या प्रशिक्षणात वन्यजीवांचा माग काढणं हा विषय असेल. त्याचं मूळ या वाळूत आहे.

या माणसाचं नाव कुठेच लिहून ठेवलेलं नाही. आउट्रमचं मात्र चाळीसगाव-कन्नडच्या घाटाला मिळालं आणि 1986 साली झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यालाही. वाघ मारणाऱ्याचं नाव अभयारण्याला आणि माग काढणारा निनावी, हे मला खटकतं, आणि तुलाही खटकावं असं वाटतं.

मग सगळंच वेगाने पालटतं. 1861 ते 1865, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं आहे, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नाही आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आलाय. तापीच्या खोऱ्यात रान हटून कपाशी येते. रेल्वे येते, तिला रुळांखाली घालायला लाकूड लागतं. सागावर, अंजनावर कुऱ्हाडी चालतात. अंजनाचं एक पान तोडून बघ: दोन पाळ्या बुडाशी जुळलेल्या, पंख मिटत आलेल्या फुलपाखरासारख्या. एवढं नाजूक पान आणि लाकूड असं की कुऱ्हाडीची धार बोथट व्हावी. कोरड्या, खडकाळ टेकाडावरही हे झाड तगतं, आणि दुष्काळात गुरांना त्याचाच पाला मिळतो.

1878 साली भारतीय वन कायदा आला. त्याच साली डेहराडूनला वनशाळा निघाली, म्हणजे तुझ्या पेशाचा जन्म आणि त्या कायद्याचा जन्म एकाच वर्षातला. तू सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर उभी आहेस. जाहीरनामा वाचून दाखवला जातोय: हे रान राखीव होणार, ज्याचा हक्क असेल त्याने मुदतीत कळवावं. मुदत किमान तीन महिन्यांची. ऐकणाऱ्यांत एक म्हातारा आहे. त्याच्या आजाने लावलेला मोह, त्याच्या देवाचं ठिकाण, त्याच्या गुरांची वाट, सगळं त्या हद्दीच्या आत आहे. हक्क कळवायचा म्हणजे कुठे जायचं, कुणापुढे उभं राहायचं, हे त्याला ठाऊक नाही. तीन महिने उलटतात. कायद्याच्या लेखी त्याचा हक्क संपला. इथून पुढे मोहाची फुलं वेचायची तीही सरकारच्या मर्जीने. खात्यात शिरणाऱ्या प्रत्येकाने हा म्हातारा मनाशी ठेवावा. जंगल वाचवणं हे या खात्याचं काम नंतर झालं. आधीचं काम लाकूड राखणं आणि माणसं बाहेर ठेवणं हे होतं.

1958. कोइमतूरचं वन महाविद्यालय. सोलापूरचा एक तरुण रेंजर होण्यासाठी शिकायला आलाय, मारुती चितमपल्ली. पुढची कित्येक वर्षं तो वनखात्यात काढणार आहे. नवेगावबांधला गेलीस तर तो तुला तळ्याच्या काठी दिसेल, तिथल्याच माधवराव पाटील डोंगरवारांच्या सोबतीने. ढिवर, गोंड, माडिया माणसांकडून पाखरांची, झाडांची, माशांची नावं तो ऐकतोय आणि वहीत उतरवतोय. त्यातूनच पुढे पक्षिकोश उभा राहिला. खात्याचा अधिकारी आणि रानातला माणूस एकाच बांधावर बसलेत, आणि शिकतोय अधिकारी. 2025 साली चितमपल्लींना पद्मश्री मिळाली आणि त्याच जूनमध्ये ते गेले. तुझ्या टेबलावर सामान्य ज्ञानाच्या गठ्ठ्यात त्यांचं एखादं पुस्तक नसेल, तर आधी ते आण.

1969 साली यावल अभयारण्य होतं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा येतो. 1980 साली भारतीय वनसेवेत पहिल्यांदा स्त्रिया दाखल होतात. आता तुला अदृश्य राहायची गरज नाही.

म्हणून नव्वदच्या दशकात बारीपाड्याला उघडपणे ये. साक्री तालुक्यातला हा पाडा. डोंगर बोडका झालाय, विहिरी उन्हाळ्याआधीच आटतात, बायका पाण्यासाठी वणवण करतात. चैत्राम पवार हा गावचा शिकलेला मुलगा नोकरीमागे न जाता गावातच राहिलाय. गाव बसतं, बोलतं, ठरवतं: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडेल त्याला दंड. राखण गावातलीच माणसं करणार. काही वर्षांत चारशेच्या आसपास हेक्टर रान उभं राहतं, विहिरींना पाणी टिकतं आणि रानभाज्यांची स्पर्धा भरायला लागते. चैत्रामभाऊंनाही 2025 सालीच पद्मश्री मिळाली. या डोंगराची राखण गावाने स्वतः ठरवून केली. तू उद्या जिथे रुजू होशील तिथे असं एखादं गाव असेल, आणि ते तुझ्या कागदात दिसणार नाही.

आता 2008 नंतरचा एखादा दिवस. वनहक्क कायदा 2006चा, नियम आलेत, दावे दाखल होतायत. सातपुड्याच्या पायथ्याशी ग्रामसभा भरलीय. 13 डिसेंबर 2005 आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा हवा. त्या म्हाताऱ्याचा पणतू उभा आहे. कागद त्याच्याकडे नाही. पण या वेळी कायदा जुन्या विहिरीलाही पुरावा मानतो, दफनभूमीला मानतो, देवाच्या ठिकाणाला मानतो, वडीलधाऱ्यांच्या सांगण्याला मानतो. पुढे हा दावा उपविभागीय समितीसमोर जातो आणि तिथे एक खुर्ची वनखात्याची आहे. त्या खुर्चीवर बसणाऱ्याची कसोटी इथे लागते. यावलच्या जंगलात अतिक्रमणही खरं आहे, रात्रीतून तोडलेला पट्टाही खरा आहे, आणि पणतूचा दावाही खरा आहे. खरा दावा आणि नवी तोड यांतला फरक ऑफिसात बसून कळत नाही, तो जागेवर जाऊन बघावा लागतो. इथे चुकलेला अधिकारी एकतर माणसाला उठवतो, नाहीतर रान गमावतो.

म्हणूनच या नोकरीच्या परीक्षेत चालायला लावतात. भारतीय वनसेवेसाठी चार तासांत पुरुषांना 25 किलोमीटर, स्त्रियांना 14. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक या जागा एमपीएससीतून भरतात. वनरक्षकाची भरती खातं करतं आणि त्यांचं एक प्रशिक्षण केंद्र आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या पालला आहे. वनक्षेत्रपालांना सांगली जिल्ह्यातल्या कुंडलला शिकवतात. फिजिक्स, वनस्पतिशास्त्र, चालू घडामोडी, सगळं कर, पण पहाटे कांग नदीकाठची धाव चुकवू नकोस.

आणि आता थोडं पुढे. रेंजचा प्रभार घ्यायला तू हजर झालीस. टेबलावर यादी आहे: नकाशे, वायरलेस संच, झाडांवर ठसा मारायचा हातोडा, वनगुन्ह्यांच्या नोंदवह्या. एकेक वस्तू मोजून सही करायची आहे. मार्च लागलाय, वणवा अडवायच्या जाळरेषा काढून झाल्यात की नाही ते कागदावर लिहिलंय, खरं काय ते कळायचं आहे. मोहाखालचा पाचोळा जाळणं आता कधीही सुरू होईल, कारण फुलं वेचायला जमीन साफ लागते. बाहेर वनमजूर बाबा उभे आहेत, बरीच वर्षं याच रानात काढलेले. सही करून पेन ठेव आणि त्यांना विचार:

“बाबा, मोह कुठे कुठे आहे? आणि वेचायला कोण येतं? आत्ताच निघू, मला त्या लोकांना भेटायचंय.”

“मॅडम, गाडी नाही जायची तिकडे.”

“चालत जाऊ.”