१२ जानेवारीची शाळा

नेब्रास्कातल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात पहाटे मुलीच्या शाळेचा मेसेज आला: वादळाचा इशारा, आज सुट्टी. बाहेर बर्फाचा पत्ता नव्हता. मला हसू आलं.

मग १८८८ सालची १२ जानेवारी वाचली. सकाळी हवा उबदार, म्हणून बरीच पोरं जाड कोट न घालताच शाळेत गेली. दुपारी वादळ आदळलं. पिठासारखा बारीक बर्फ, हातभरावरचं दिसेना. पोरांना घरी सोडायचं की थांबवायचं, हे शाळेतल्या एकट्या बाईंनी ठरवायचं. त्याही कित्येकदा जेमतेम विशीच्या. मिनी फ्रीमन बाईंच्या शाळेचं छप्पर उडालं, तरी त्यांनी मुलांना सुखरूप जवळच्या घरी पोचवलं. सगळ्यांना नाही जमलं. सुमारे २३५ माणसं गेली, त्यांत कितीतरी शाळकरी पोरं.

परवा पुन्हा मेसेज आला. बाहेर लख्ख ऊन होतं. मी दप्तर खुंटीला अडकवलं.