श्याम, स्वामी आणि चांदोबा

चामराजपेट ही बंगळुरातील आखीव वस्ती 1892 मध्ये, चामराजेंद्र वडियर यांच्या कारकिर्दीत, जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेस वसविण्यात आली. ज्या किल्ल्याच्या शेजारी ती वाढली, त्याच्याशी मराठी माणसाचे नाते मात्र तिच्याहून अडीच शतकांनी जुने आहे. 1638 मध्ये विजापूरकरांच्या फौजांनी बंगळूर घेतले आणि पुढे शहाजीराजांनी ते आपले ठाणे केले. शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन करणाऱ्या जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषांतील कवींनी हजेरी लावलेली दिसते. एका छताखाली अनेक भाषा नांदण्याची या गावाची रीत आजकालची नव्हे.

1915 मध्ये स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची वास्तू याच चामराजपेटेत आहे. आर. कल्याणम्मा यांनी मुलांसाठी उभारलेले ‘मक्कळ कूट’, म्हणजे मुलांचा मेळा, हेही येथलेच. अशा वस्तीत वाढणाऱ्या मराठी घरातील मुलाच्या कानावर घरात मराठी आणि गल्लीत कन्नड पडत राहिली. गोष्टीची पुस्तके त्याच्याकडे दोन्ही वाटांनी आली आणि त्या पुस्तकांवरील चित्रपटही पुढे दोन्ही वाटांनीच आले. त्यांचा इतिहास पाहताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. सारे घर एकत्र बसून पाहते त्या पडद्यावर, मांडीवरच्या नातवंडासमोर, गोष्टीतील दुःख किती ठेवावे?

या दोन वाटा एका ठिकाणी मिळाल्या त्या मद्रासमध्ये. जुलै 1947 मध्ये बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगू व तमिळ भाषांत ‘चंदामामा’ हे मुलांचे मासिक सुरू केले. पाठोपाठ ते कन्नडात आले आणि 1952 पासून ‘चांदोबा’ या नावाने मराठीत येऊ लागले. लिपी निराळी, पण राजकन्या तीच, राक्षसही तोच. झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकणारा विक्रमराजा मराठी मुलाच्या अंकात जसा दिसे, तसाच शेजारच्या कन्नड मुलाच्या अंकातही दिसे. एकमेकांच्या अंकातील अक्षर न लागताही गोष्ट कळावी, असा हा विलक्षण योग होता. बालसाहित्याच्या इतिहासात ‘चांदोबा’ची नोंद बहुधा एका ओळीत उरकली जाते. परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने तो अन्यायच म्हणावा लागेल.

हेच नागी रेड्डी आणि चक्रपाणी चित्रपटांचेही निर्माते होते. त्यांच्या विजया संस्थेचा ‘पाताळ भैरवी’ 1951 मध्ये आला. के. व्ही. रेड्डी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला ‘काशी मजिली कथलु’ या तेलुगू कथासंग्रहातील गोष्टीचा आधार होता. माळ्याचा मुलगा, राजकन्या, कपटी मांत्रिक आणि मागेल ते देणारी देवीची मूर्ती हा सारा मालमसाला मासिकाच्या पानावरून उठून पडद्यावर आल्यासारखा वाटे. एन. टी. रामाराव नायक होते. पण लक्षात राहिला तो एस. व्ही. रंगाराव यांचा मांत्रिक. पुढच्याच वर्षी चित्रपटाची हिंदी आवृत्ती निघाली. या जातीच्या गोष्टीत भय असते, संकट असते. परंतु शेवटी मांत्रिक मरतो आणि माळ्याच्या मुलाला राजकन्या मिळते. घरी परतताना मूल निश्चिंत झोपी जाते.

परीकथेला अशी निश्चिंती देण्याचे काम पाश्चात्त्य पडद्याने अधिक पद्धतशीरपणे केले. ग्रिम बंधूंचा कथासंग्रह 1812 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिमगौरीच्या गोष्टीत अखेरीस दुष्ट राणीला तापवलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचावे लागते. वॉल्ट डिस्ने यांनी 1937 मध्ये या गोष्टीवर पूर्ण लांबीचा चित्रपट केला, तेव्हा राणी कड्यावरून कोसळते एवढेच ठेवले आणि ग्रिमच्या निनावी बुटक्यांना एकेक नाव व एकेक स्वभाव दिला. हान्स अँडरसन यांची जलपरी मूळ कथेत राजपुत्राला गमावते व समुद्राचा फेस होते. 1989 च्या डिस्नेपटात तिचे लग्न लागते. कुटुंबाने एकत्र पाहावयाच्या चित्रपटातून वेदनेचा काटा काढून टाकावा, असा त्या परंपरेचा दंडकच झाला. त्यात गैर काही नाही. त्या चित्रपटांनी मुलांच्या अनेक पिढ्यांना निर्भेळ आनंद दिला आहे. मराठीतील पहिला थोर कौटुंबिक चित्रपट मात्र नेमका उलट्या दिशेने गेला.

‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले. गुरुजी मूळचे कोकणातील पालगडचे आणि अमळनेरच्या शाळेत विद्यार्थिप्रिय ठरलेले शिक्षक. पुस्तकाची बेचाळीस प्रकरणे म्हणजे बेचाळीस रात्री. मोठा झालेला श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. अंधार, भोवती बसलेले श्रोते आणि सांगणारा एक आवाज, ही आजीच्या गोष्टीचीच बैठक. फरक एवढाच की येथे राक्षसाच्या जागी कर्ज आहे. खालावलेले घर, दाराशी येणारा वसुलीवाला, आजारी आई आणि तिचा हट्टी, भित्रा, कधी खोटेही बोलणारा मुलगा अशी ही कथा आहे.

1950 मध्ये गुरुजी गेले आणि 1953 मध्ये आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला. महाराष्ट्र अत्र्यांना ‘साष्टांग नमस्कार’चे नाटककार आणि ‘ब्रह्मचारी’चे पटकथाकार म्हणून, म्हणजे हसविणारा माणूस म्हणून ओळखत होता. पण अत्रे पुण्यातील कँप एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे बरीच वर्षे मुख्याध्यापक होते आणि ‘नवयुग वाचनमाला’ हेही त्यांचेच काम, हे विसरता येत नाही. पुस्तक एका शिक्षकाने लिहिले आणि ते दुसऱ्या शिक्षकाने पडद्यावर आणले. आईच्या भूमिकेसाठी त्यांनी निवड केली वनमालाबाईंची. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर उभी राहिलेली ही देखणी नायिका जुनेर नेसून चुलीपुढे बसली. श्याम झाला माधव वझे. संगीत वसंत देसाई यांचे होते. कृष्णाच्या बोटाला बांधण्यासाठी द्रौपदीने भरजरी वस्त्र फाडल्याची कथा सांगणारे आशा भोसले यांच्या आवाजातील गीत आजही रक्षाबंधनाच्या सुमारास कानावर पडते.

अत्र्यांनी पुस्तकातील प्रसंगांना ओढूनताणून एका कथानकात गुंफले नाही, आणि हा त्यांचा मोठा विवेक. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून अडून बसलेल्या श्यामसाठी आई पदर पसरते आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे सांगते. तो प्रसंग पुस्तक न वाचलेल्या माणसालाही ठाऊक असतो. त्याहून मोलाचा आहे तो पोहण्याचा. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या मुलाला आई मारून विहिरीकडे धाडते, आणि वळ पाहून मागाहून तिलाच भरून येते. ‘श्यामची आई’ रडवी आहे, हा आक्षेप जुना आहे आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु आक्षेप घेणारे बहुधा या विहिरीपर्यंत पोहोचलेले नसतात.

आजच्या वाचकाला खटकणारी स्थळेही पुस्तकात आहेत. रस्त्यात अडलेल्या वृद्ध अस्पृश्य स्त्रीची मोळी उचलून दे, असे आई श्यामला सांगते. पण मग घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. त्या काळच्या धर्मनिष्ठ घरातील दया तेवढ्यावर थांबत होती. तिचा मुलगा तेथे थांबला नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराची दारे सर्वांना उघडावीत म्हणून 1947 मध्ये त्याने उपोषण केले. पुस्तक शाळेत वाचून दाखवताना ही पुढची हकीकत सांगितली, तर ती ओळ झाकण्याची गरज उरत नाही.

आणि शेवटी आई जाते. पुस्तकात श्याम तिच्याजवळ नसतानाच ती जाते. चित्रपट हे मरण टाळत नाही, मऊही करीत नाही. 1954 मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यात आले, तेव्हा 1953 च्या सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. ‘दो बिघा जमीन’ त्या वर्षी गुणवत्तेच्या प्रशस्तिपत्रावर राहिला. दोनच वर्षांनी आलेल्या ‘पाथेर पांचाली’चे मूळही मुलांच्या पुस्तकात सापडते. त्या कादंबरीच्या बालआवृत्तीसाठी चित्रे काढताना सत्यजित राय यांना चित्रपटाची कल्पना सुचली होती. त्यांनीही दुर्गेचे मरण वगळले नाही.

‘श्यामची आई’ कोकणातून आली. दुसरे पुस्तक चामराजपेटेच्या हाकेच्या अंतरावरचे म्हणावे असे आहे. आर. के. नारायण यांनी आपल्या पहिल्या कादंबरीचा आरंभ बंगळुरातच केला, तोही आजीने काढून दिलेल्या शुभमुहूर्तावर, नवी वही आणून. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ 1935 मध्ये प्रसिद्ध झाली. मालगुडी हे नाव मल्लेश्वरम आणि बसवनगुडी यांच्या जोडातून घडले, असे बंगळूरकर हौसेने सांगतात. बसवनगुडी चामराजपेटेला लागूनच असल्याने येथील माणसाने ही आख्यायिका मोडीत काढावी अशी अपेक्षा कोणी करू नये.

पडद्याशी नारायण यांचा पूर्वानुभव कडू होता. त्यांच्या ‘द गाइड’ कादंबरीवरील 1965 चा हिंदी चित्रपट लोकप्रिय झाला, पण त्यात मालगुडीचे उदयपूर झाले. ‘मिसगाइडेड गाइड’ नावाचा लेख लिहून त्यांनी आपली व्यथा मांडली. लेखकाची पात्रे उचलायची आणि त्यांच्या पायाखालची जमीन तेवढी बदलायची, ही त्यांच्या दृष्टीने तडजोड नव्हतीच.

दोन दशकांनी ही जमीन त्यांना परत मिळाली ती शंकर नाग यांच्याकडून. होन्नावरच्या बाजूच्या या तरुणाची जडणघडण मुंबईच्या मराठी रंगभूमीवर झाली होती, आणि चाफेकर बंधूंवरील ‘22 जून 1897’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्याचा हात होता. पुढे कन्नड पडद्यावर तो लोकप्रिय नायक झाला. टी. एस. नरसिंहन यांच्या निर्मितीखाली त्याने दूरदर्शनसाठी ‘मालगुडी डेज’ दिग्दर्शित केली. शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे या पावसाळी गावात मालगुडी उभी राहिली. स्वामी झाला मास्टर मंजुनाथ, त्याचे वडील झाले गिरीश कर्नाड. शीर्षकाची रेखाचित्रे नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची, मराठी वाचकाला ते आपलेच वाटतात, कारण त्यांची कारकीर्द मुंबईत गेली. मालिका हिंदीत होती, पण तिच्यातील ओसरी, आजी, शाळेतला फळा आणि मास्तरांची छडी कोणत्याही भाषेत ओळखू येत होती.

नंतरच्या मराठी प्रयत्नांबद्दल थोडक्यात सांगता येते. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर आधी दूरदर्शन मालिका झाली, तीत सुमीत राघवन होता. 2017 चा आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट वेगवान आहे आणि दिलीप प्रभावळकरांना खुद्द भागवत म्हणून उभे करण्याची त्यातील कल्पना सुंदर आहे. मात्र फुरसुंगीचा सायकलवरचा शाळकरी पोरगा तेथे प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण झाला आणि प्रेक्षागृहातील दहा वर्षांच्या मुलाच्या हातून त्याचा सवंगडी निसटला. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर चित्रपट करणाऱ्या सुजय डहाके यांनी 2023 मध्ये ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली, ती आवर्जून कृष्णधवल. सत्तर वर्षांनंतरही त्या आईला रंगीत करण्याचा धीर झाला नाही, की तशी गरजच वाटली नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

स्वामीच्या कादंबरीचा शेवट रेल्वे स्थानकावर होतो. जिवलग मित्र राजम गाव सोडून चालला आहे आणि तो रागावलेला आहे, बोलत नाही. स्वामीने त्याच्यासाठी भेट म्हणून आणलेले असते अँडरसनच्या परीकथांचे पुस्तक. गाडी हलते, पुस्तक कसेबसे खिडकीतून आत पोहोचते. राजमने क्षमा केली की नाही, हे स्वामीला कळत नाही आणि नारायण वाचकालाही सांगत नाहीत. मालिकेत मालगुडीचे स्थानक म्हणून जे दिसले ते शिवमोग्ग्याच्या पुढचे अरसाळू. 2020 मध्ये रेल्वेने त्या जुन्या इमारतीची डागडुजी करून तेथे मालगुडी संग्रहालय उघडले. बंगळूरहून ताळगुप्प्याकडे जाणारी गाडी त्याच मार्गाने जाते. डावी-उजवीकडे दाट झाडी लागली आणि फलाटावर ‘मालगुडी’ अशी पाटी दिसली, की डब्यातील मुले खिडकीशी गोळा होतात.