सातबाऱ्याचे दप्तर आणि त्याचे कुलूप

श्रोतेहो, पेरणी तोंडावर आली आहे, सोसायटीचे पीककर्ज उचलायचे आहे आणि सातबारा काही निघत नाही. असा प्रसंग शेतकऱ्याला नवा नाही. कोणी म्हणते, "दप्तर केवढे मोठे! वेळ लागायचाच." हे म्हणणे कितपत खरे? थोडे मागे जाऊन पाहू या.

आपला धाराशिव जिल्हा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. महसुलाचे दप्तर उर्दूत, वर्ष फसली. संस्थान भारतात सामील झाले. पुढे 1954-55 साली खासरा पाहणी झाली. 1956 साली जिल्हा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. मग 1966 चा जमीन महसूल अधिनियम झाला आणि गावचे नमुने त्याखाली ठरले.

या नमुन्यांची रचना नीट बघा. सातबारा गट नंबरावरून सापडतो. 8-अ चा उतारा खातेदाराच्या नावावरून. शोधायच्या वाटा दोन, म्हणून सगळे दप्तर चाळावे लागत नाही. आणि खरेदी किंवा वारस लागला की नोंद आधी नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफारात. हरकतीला 15 दिवस. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करीपर्यंत जुना सातबारा वाचायला खुला.

आता हेच दप्तर संगणकात गेले. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळू लागला. पण दप्तर यंत्रात भरले म्हणजे काम संपले असे नव्हे. 10 लाख ओळींच्या तक्त्यात नाव शोधायचे आणि सूची नाही, तर यंत्रही पहिल्या ओळीपासून वाचत सुटते. 1970 च्या सुमारास बायर आणि मॅक्राइट या दोघांनी झाडासारख्या फांद्यांची सूची बसवली. प्रत्येक पायरीवर 100 फांद्या धरा. तीन पायऱ्यांत 10 लाखांतली हवी ती ओळ हाती येते. मात्र उगाच दहा सूची करू नयेत. दर नव्या नोंदीला त्या सगळ्या दुरुस्त कराव्या लागतात.

दुसरी अडचण कुलपाची. दोघांनी एकाच वेळी एकाच गटावर लिहिले, तर एकाचे लिहिणे पुसले जाईल. एकच जमीन दोघांच्या नावे व्हायची! म्हणून कुलूप हवेच. पण केवढे? 1975 साली जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न मांडला. सबंध तक्त्याला कुलूप घातले, तर परंड्याच्या एका नोंदीसाठी उमरग्याचा माणूस ताटकळतो. ओळीपुरते घातले, तर बाकीच्यांचे काम चालू राहते. गंमत अशी की सूची नसेल, तर काही यंत्रणा ओळ शोधताना वाटेतल्या ओळींनाही कुलूप घालतात. म्हणजे एक दुखणे दुसऱ्याला वाढवते.

तेव्हा शहाणपण एवढेच: ज्या बाबीवरून रोज शोध होतो तिची सूची करावी. कुलूप लहान घालावे आणि लवकर काढावे. नोंद अर्धी ठेवून चहाला जाऊ नये. जिल्ह्याच्या मोठ्या बेरजा रात्री किंवा नकलेवर कराव्यात. आणि लिहिणे चालू असताना वाचणाऱ्याला आधीची पक्की प्रत दाखवावी, फेरफाराच्या वेळी जुना सातबारा चालतो तशी.

गुरुजी, वर्गात हे करून पाहा. मुलांच्या नावांच्या 100 चिठ्ठ्या आधी विस्कटून, मग अकारविल्हे लावून शोधायला सांगा. चिठ्ठ्या तेवढ्याच, पण वेळ किती वाचला ते मुलेच सांगतील. दप्तराच्या थोरपणाला दोष देण्याआधी त्याची मांडणी तपासावी, हे त्यांना तेवढ्यावरून कळेल.