ख्रिस्टीन जॉर्गेन्सन कोण होत्या? जगभर गाजलेल्या ट्रान्सजेंडर महिलेचं लग्न जन्मदाखल्यावर अडलं

१ डिसेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या पेपरच्या पहिल्या पानावर ठळक बातमी आली. अमेरिकेच्या लष्करात राहून आलेला एक तरुण डेन्मार्कमध्ये उपचार घेऊन बाई झाला, अशी ती बातमी. सोबत आधीचा आणि नंतरचा फोटो. त्या काळात टीव्ही थोड्या घरांत होता आणि मोबाईल कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तरी ही बातमी बघता बघता जगभर गेली. त्या बातमीतली बाई म्हणजे ख्रिस्टीन जॉर्गेन्सन.

थोडक्यात ओळख
• जन्म: ३० मे १९२६, ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क
• मृत्यू: ३ मे १९८९, सॅन क्लेमेंटे, कॅलिफोर्निया
• ओळख: ट्रान्सजेंडर असल्याचं लपवून न ठेवता जगासमोर उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या व्यक्तींपैकी एक

सुताराच्या घरात जन्म

आई-वडील मूळ डॅनिश वंशाचे. वडील सुतारकाम आणि बांधकाम करायचे. जन्माच्या दाखल्यावर नोंद मुलगा म्हणून झाली आणि वडिलांचंच जॉर्ज हे नाव लागलं. पण लहानपणापासून आपण मुलगी आहोत, ही भावना मनात होती. ती बोलून दाखवायला त्या काळी शब्दसुद्धा नव्हता. आपल्याकडे तृतीयपंथीयांचा स्वतःचा समाज आहे, गुरू-चेल्याची परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या त्या घरात असं आधाराला कुणी नव्हतं.

१९४५ मध्ये शाळा संपली आणि त्याच वर्षी लष्करात भरती व्हावं लागलं. फोर्ट डिक्स इथल्या तळावर कारकुनाचं काम मिळालं. वर्षभरानंतर तिथून सुटका झाली. मग फोटोग्राफीचं शिक्षण घेतलं आणि पुढे वैद्यकीय सहायकाचा कोर्सही केला. या शिक्षणामुळे हॉर्मोनविषयीची पुस्तकं वाचायला मिळाली. आपल्यावर उपाय असू शकतो, हे तिथं पहिल्यांदा कळलं.

कोपनहेगनचा प्रवास

१९५० मध्ये ख्रिस्टीन डेन्मार्कला गेल्या. कोपनहेगनमध्ये डॉ. ख्रिश्चन हॅम्बर्गर या हॉर्मोनतज्ज्ञांनी उपचार सुरू केले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ऑपरेशनसाठी डेन्मार्कच्या न्याय खात्याची परवानगी लागायची. ती मिळाल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये पहिलं आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये दुसरं ऑपरेशन झालं. डॉक्टरांच्या नावावरूनच त्यांनी स्वतःचं नाव ख्रिस्टीन ठेवलं. आई-वडिलांना त्यांनी पत्र लिहून सगळं सविस्तर सांगितलं. घरच्यांनी त्यांना तोडलं नाही.

अशा शस्त्रक्रिया झालेल्या त्या पहिल्याच नव्हेत. डेन्मार्कच्याच चित्रकार लिली एल्बे यांच्यावर १९३० आणि १९३१ मध्ये जर्मनीत शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्या १९३१ मध्येच वारल्या. ख्रिस्टीन यांचं वेगळेपण असं की त्या मायदेशी परतल्या आणि पुढची ३६ वर्षं लोकांच्या नजरेसमोर जगल्या.

फोटो साऱ्या जगाने पाहिला

१२ फेब्रुवारी १९५३ रोजी त्या न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरल्या, तेव्हा पत्रकार आणि फोटोग्राफरची झुंबड उडाली होती. पुढे काही दिवस सन्मान झाले, मग टिंगलही झाली. साधी नोकरी करून गुपचूप जगणं आता शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी प्रसिद्धीचाच रोजगार केला. रंगमंचावर आणि नाइट क्लबमध्ये गाण्याचे, विनोदाचे कार्यक्रम सुरू केले. त्या कमाईतून लाँग आयलंडवरच्या मॅसापिक्वा इथं जागा घेतली आणि वडिलांनी तिथं घर बांधलं. आई-वडील आणि मुलगी त्या घरात एकत्र राहिले.

दुसरीकडे डॉ. हॅम्बर्गर यांच्याकडे पत्रांचा ढीग लागला. ‘आमचीही हीच अवस्था आहे, आम्हाला मदत करा’, असा पत्रांचा सूर. त्यांपैकी ४६५ जणांच्या पत्रांचा अभ्यास त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. आपण एकटेच असे आहोत, असं ज्यांना वाटत होतं, त्यांना पेपरातल्या एका फोटोने कळलं की आपल्यासारखी माणसं आणखीही आहेत. मात्र डेन्मार्कने पुढे परदेशी लोकांसाठी हे दार बंद केलं.

दाखला मात्र बदलला नाही

१९५९ मध्ये ख्रिस्टीन आणि हॉवर्ड नॉक्स यांनी लग्न करायचं ठरवलं. न्यूयॉर्कच्या कार्यालयात परवान्यासाठी अर्ज केला. तिथल्या कारकुनाने जन्माचा दाखला पाहिला. त्यावर ‘पुरुष’ लिहिलेलं. अर्ज नामंजूर झाला. सगळं जग ज्यांना बाई म्हणून ओळखत होतं, त्यांना तो एक कागद बाई मानायला तयार नव्हता. या लग्नाची बातमी फुटल्यावर नॉक्स यांची नोकरीही गेली. ख्रिस्टीन यांचं लग्न शेवटपर्यंत झालं नाही.

१९६७ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, १९७० मध्ये त्यावर सिनेमा निघाला. त्याच वर्षी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी आपल्याच पक्षाच्या एका नेत्याला हिणवण्यासाठी ख्रिस्टीन यांचं नाव वापरलं. ख्रिस्टीन यांनी माफी मागायला सांगितलं. ॲग्न्यू यांनी ती मागितली नाही. पण नावाचा शिवीसारखा वापर झाल्यावर गप्प बसायचं नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. सत्तरच्या दशकात त्या कॉलेजांमध्ये व्याख्यानं देत फिरल्या. मुलांच्या आडव्यातिडव्या प्रश्नांनाही उत्तरं दिली. १९८९ मध्ये वयाच्या ६२ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे काय झालं?

कागदावरच्या नोंदीचा हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ निकालात तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मान्य केली आणि आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. २०१९ मध्ये संसदेने तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा केला.

तरीही अडचण आलीच. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावात अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवरून उमेदवारी भरली. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून छाननीत अर्ज बाद झाला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना महिला म्हणून निवडणूक लढवायची परवानगी दिली. त्यांनी ती लढवली आणि जिंकलीही.

न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्टीन यांचा अर्ज परत आला, त्यानंतर साठेक वर्षांनी भादलीतही एक अर्ज परत आला होता. फरक एवढाच की ख्रिस्टीन यांच्यामागे कुठला कायदा उभा नव्हता. अंजली पाटील यांच्यामागे तो होता आणि गावाची मतंही होती.